मंदारला पत्र: नेम कुठे धरायचा

मॅडिसन, विस्कॉन्सिन
ऑक्टोबरचा शेवटचा रविवार

प्रिय मंदार,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. सुरक्षेचा अभ्यासक्रम पास झालास, लायसन्स काढलंस, शेजारच्या काकांच्या शेतावर हरणाच्या शिकारीला जायचं पक्कं झालं, हे वाचून फार बरं वाटलं. आणि तुझा प्रश्न तर मला सगळ्यात जास्त आवडला. बंदूक कुठली घ्यावी, कपडे कुठले घालावेत, हे सगळेच विचारतात. नेम कुठे धरायचा, हे तू विचारलंस.

उत्तर आधी देऊन टाकतो. छातीवर, पुढच्या पायाच्या लगेच मागे, आणि तेही हरीण बाजूने आडवं उभं असेल तेव्हा. पण एवढं पाठ करून भागायचं नाही. समोर हरीण आलं की काळीज धडधडतं, हात थरथरतात. इथले लोक त्याला 'बक फीवर' म्हणतात. त्या वेळी नवा विचार सुचत नाही, आधीपासून डोक्यात पक्कं बसलेलं असेल तेवढंच कामाला येतं. म्हणून जरा सविस्तर लिहितोय. आपल्याकडे १९७२च्या कायद्यानं शिकार बंद झाली, आणि झाली ते योग्यच झालं. त्यामुळे तुझ्यामाझ्या घरात हे सांगणारं कुणी नव्हतं. इथली पोरं आजोबांच्या शेजारी बसून शिकतात. आपल्याला एकमेकांना विचारूनच शिकायचं आहे.

खाटकाकडे टांगलेला बोकड आठव. हरणाची आतली मांडणी बरीचशी तशीच असते. हृदय बरंच खाली, दोन्ही पुढच्या पायांच्या मध्ये, साधारण कोपराच्या पातळीला. त्याच्या वर आणि मागे दोन फुप्फुसं. त्यांच्या मागे छाती नि पोटामधला पडदा, पडद्याला लागून काळीज, म्हणजे यकृत, आणि त्याच्या मागे वजडी नि आतडी. हृदय आणि फुप्फुसं मिळून नेमासाठी मिळणारी जागा आठ ते दहा इंचांची. पुढच्या पायाच्या मागच्या कडेवरून सरळ वर एक रेघ ओढ आणि छातीच्या उंचीचा खालून एक तृतीयांश भाग मोज. तिथे गोळी गेली की दोन्ही फुप्फुसांतून आरपार जाते, बऱ्याचदा हृदयाचा वरचा भागही सापडतो.

या जागेचं महत्त्व असं, की इथे थोडी चूक खपते. दोन इंच वर गेली तरी फुप्फुस, दोन इंच मागे गेली तरी फुप्फुस, जरा खाली गेली तर हृदय, जरा पुढे गेली तर खांदा मोडून आत छातीतच. माणूस थंडीत कुडकुडत, जाड कपड्यात, धडधडत्या छातीनं घोडा ओढणार. त्याला अशीच जागा हवी. म्हणूनच थेट हृदयाच्या मध्यावर नेम धरू नकोस असं मी म्हणतो. ते इतकं खाली असतं, की थोडीशी चूक झाली तरी गोळी नुसता पाय मोडून जाते. आणि उलट बाजूला, पाच-सहा इंच मागे सरकली की कोथळ्यात. पोटात गोळी लागलेलं हरीण तासन् तास तडफडत मरतं. मंदार, आपल्या हातून हे होता कामा नये. बाकी सगळं मला त्या मानानं दुय्यम वाटतं.

आता डोक्याचं. तुझ्या ऑफिसमधला तो माणूस म्हणतो, डोक्यात मारलं की जागेवर पडतं आणि मांस वाया जात नाही. मेंदूतच लागली तर दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण मेंदू केवढासा, आणि हरणाचं डोकं एका जागी राहतं कुठे? चरताना खाली, ऐकताना वर, माशी बसली की झटका. घोडा ओढल्यापासून गोळी पोचेपर्यंत ते हललेलं असू शकतं. मग गोळी जबड्यात लागते. जबडा मोडलेलं हरीण पळून जातं, रक्ताचा माग फारसा सोडत नाही, त्याला खाता येत नाही, पाणी पिता येत नाही, आणि काही दिवसांनी कुठेतरी झाडीत मरतं. मारणाऱ्याला वाटतं, आपला नेम चुकला, हरीण वाचलं. मानेचंही तेच. मणक्याचं हाड बारीक असतं, ते चुकलं की नुसती जखम.

विस्कॉन्सिनमध्ये आणखी एक कारण आहे. क्रॉनिक वेस्टिंग डिसीज, म्हणजे सीडब्ल्यूडी, हा हरणांचा मेंदूचा रोग आपल्या राज्यात पहिल्यांदा २००२ मध्ये सापडला, इथून जवळच, माउंट होरेबच्या परिसरात. त्याची तपासणी घशाच्या मागच्या लसिकाग्रंथींवर करतात. डोक्यात किंवा मानेत वर मारलंस तर तपासायच्या त्या गाठीच छिन्नभिन्न होऊ शकतात. शिवाय रोग असलाच, तर तो पसरवणारे प्रथिनकण मेंदूत आणि मज्जारज्जूत सगळ्यात जास्त असतात; ते मांसावर उडवून घ्यायचे कशाला? माणसाला हा रोग झाल्याचं आजवर सिद्ध झालेलं नाही. तरी बाधित भागातलं हरीण तपासून घ्यावं आणि रोग निघाला तर मांस खाऊ नये, असा सल्ला आहे, आणि तुझ्याकडे दोन लहान मुलं आहेत. अहवाल येईपर्यंत मांस फ्रीजरमध्ये वेगळं ठेव.

आता खरा कठीण भाग. हरीण पुस्तकातल्यासारखं आडवं क्वचितच उभं राहतं. म्हणून अंगावरच्या ठिपक्याचा विचार सोड आणि गोळी आत शिरून कुठून बाहेर पडेल याचा कर. मला काकांनी, म्हणजे ज्यांच्या शेतावर मी जातो त्यांनी, हे एका वाक्यात शिकवलं: पलीकडचा पुढचा पाय शोध. हरीण तिरकं, आपल्यापासून दूर तोंड करून उभं असेल, तर पलीकडच्या पुढच्या पायाकडे गोळी जाईल असा नेम धरायचा. म्हणजे अलीकडच्या बाजूला ती बरगड्यांमध्ये जरा मागून शिरते आणि छातीतून तिरकी पुढे जाते. कोन थोडा असेल तर हा उत्तम बार. कोन फार असेल तर गोळीला आधी वजडीतून जावं लागतं, तिथे थांबायचं.

हरीण तिरकं आपल्याकडे तोंड करून असेल तर खांद्याचं हाड मध्ये येतं. तुझी .३०८ रायफल ते हाड फोडेल, पण जागा अरुंद होते आणि चुकलं तर मागे पोटात जाते. पहिल्या वर्षी हा बार सोडून दे. पुढेमागे धनुष्यबाण घेतलास तर या कोनावर बाण कधीच सोडू नकोस. समोरासमोर तोंड असेल तर नाही. पूर्ण पाठमोरं असेल तर अजिबात नाही, कुणी कितीही फुशारकी सांगो.

याच काकांबरोबर मी एकदा त्यांच्या मचाणाखाली बसलो होतो. मोठा नर आला, साठ-सत्तर यार्डांवर, आणि थेट आमच्याकडे तोंड करून उभा राहिला. काकांनी बंदूक गुडघ्यावरच ठेवली. बराच वेळ तो उभा, आम्ही बसलेले. मग तो वळला आणि शेपटी उभारून झाडीत गेला. काका म्हणाले, त्यानं मला जागाच दिली नाही. त्यांच्या आवाजात हळहळ नव्हती. नेम कुठे धरायचा हे त्यांना नेमकं माहीत होतं, म्हणूनच तो केव्हा धरायचा नाही हेही माहीत होतं.

हरीण चालत असेल तर तोंडानं हलकं 'मेंऽ' कर. बरीच हरणं क्षणभर थबकतात. बंदूक आधी खांद्याला लावून ठेव आणि मगच आवाज कर, कारण तो क्षण फार छोटा असतो. पळत्या हरणावर मारू नकोस.

मचाणावर बसणार असलास तर पडू नये म्हणून सुरक्षेचा पट्टा कायम बांधलेला हवा, हे सांगायला नकोच. पण उंचीवरून गोळी खाली उतरत जाते, हे लक्षात ठेव. जवळच्या हरणावर नेहमीच्या जागी नेम धरलास तर एकच फुप्फुस सापडून गोळी खालून बाहेर पडू शकते, आणि एका फुप्फुसावर हरीण खूप लांब जातं. म्हणून शिरण्याची जागा थोडी वर घे, आणि बाहेर पडण्याची जागा पलीकडच्या कोपराच्या आसपास येईल असं बघ.

आणि हरणाच्या मागे काय आहे ते बघितल्याशिवाय बोट घोड्यावर नेऊ नकोस. टेकडीच्या माथ्यावर आकाशाला टेकून उभं असलेलं हरीण सोडून द्यायचं. रायफलची गोळी हरणातून पार होऊन पुढे जाते, आणि मागे कुणाचं घर असतं, कुणी दुसरा शिकारी असतो, किंवा दुसरं हरीण असतं.

बार झाला की हरणाकडे बघत राहा. फुप्फुसात किंवा हृदयात लागलेलं हरीणही बहुतेकदा पळतं. मेंदूला रक्त पोचायचं थांबलं तरी दहा-पंधरा सेकंद त्याच्या अंगात बळ असतं आणि तेवढ्यात ते शंभर यार्ड जाऊ शकतं. त्यामुळे पळालं म्हणजे चुकलं असं समजू नकोस. हृदयात लागलं की बऱ्याचदा उसळी मारतं, मागचे पाय झाडतं. पाठ वाकवून, अंग चोरून हळूहळू चालत गेलं तर पोटात लागलंय. मग जिथे ते उभं होतं तिथे जाऊन बघ. लालगुलाबी, फेसाळ रक्त म्हणजे फुप्फुस. तरीही अर्धा तास थांब. गडद, काळपट लाल म्हणजे काळीज. तीन-चार तास थांब. हिरवट, चाऱ्याचे कण आणि वास म्हणजे वजडी. मग सहा ते बारा तास, आणि हे थांबणं सगळ्यात अवघड असतं. घाईनं मागे लागलास तर ते बसलेल्या जागेवरून उठून मैलभर जाईल आणि तुला कधीच सापडणार नाही. थांबलास तर बहुतेक जवळच, पहिल्या बसलेल्या जागी सापडतं. माग काढायला कुणाला तरी सोबत घे आणि रक्ताच्या शेवटच्या थेंबापाशी खूण ठेवत जा.

गोळ्या तांब्याच्या घे. शिशाच्या गोळीचे बारीक कण जखमेपासून बरेच लांब मांसात पसरतात. २००८ मध्ये नॉर्थ डाकोटात गरिबांसाठी दान केलेल्या हरणाच्या मांसात शिशाचे कण सापडले आणि अन्नछत्रांना ते वाटू नका असं सांगावं लागलं. तांब्याच्या गोळीचे तुकडे फारसे होत नाहीत. थोडी महाग पडते, पण ती वर्षातून लागते किती?

आता गृहपाठ. नऊ इंचांची कागदी डिश घे आणि पन्नास यार्डांवर लाव. टेबलावर बंदूक टेकवून नाही, तर तिथे जसा बसशील तसा, गुडघ्यावर किंवा काठीच्या आधारानं, तेच जाड जॅकेट घालून मार. प्रत्येक गोळी डिशमध्ये गेली की पंचाहत्तर यार्ड, मग शंभर. ज्या अंतरावर एक गोळी डिशबाहेर गेली, त्याच्या अलीकडचं अंतर हीच तुझी यंदाची हद्द. पन्नास निघाली तर पन्नास. शेतात ओढ्याकाठी बसलास तर बहुतेक हरणं त्याच्या आतच येतात.

हंगाम थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी उघडतो. तू शुक्रवारी संध्याकाळीच माझ्याकडे ये, सकाळी लवकर बरोबर निघू. केशरी जॅकेट माझ्याकडे जादा आहे, घेऊ नकोस. वहिनींना माझा नमस्कार सांग, आणि त्यांना काळजी वाटत असेल तर हे पत्र वाचायला दे. त्यांना काही विचारायचं असेल तर मला सरळ फोन करू देत. डिश मात्र टाकून देऊ नकोस, येताना घेऊन ये. अंतर लिहून ठेव प्रत्येकीवर.

तुझा,
अविनाश