‘संशोधनाने सिद्ध झालंय’, पण कोणाशी तुलना करून?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

शिक्षणावरची बातमी असो, पुरवणीतला लेख असो नाहीतर शाळेत येणारे ट्रेनर, ‘संशोधनाने सिद्ध झालंय’ हे वाक्य कुठेतरी येतंच आणि ते आलं की पुढे कोणी काही विचारत नाही. आम्ही शिक्षकसुद्धा विचारत नाही. २२ वर्षं शिकवतेय, संशोधनाची पदवी माझ्याकडे नाही, पण न विचारल्याची किंमत मुलं कशी मोजतात ते डोळ्यांनी बघितलंय म्हणून हे पत्र लिहितेय.

काही वर्षांपूर्वी एका संस्थेने आमच्या शाळेत दोन दिवसांचं ट्रेनिंग घेतलं. त्यांचं म्हणणं होतं, प्रत्येक मूल एकतर बघून शिकतं, ऐकून शिकतं नाहीतर हाताने करून शिकतं, तेव्हा आधी टेस्ट घ्या, गट पाडा आणि ज्याला त्याला त्याच्या पद्धतीने शिकवा. सोबत मेंदूची रंगीत चित्रं, आलेख, सगळं होतं. आम्हाला मनापासून पटलं. मुलांच्या खिशांवर डोळा, कान नाहीतर हात असे स्टिकर लागले, मी रात्री जागून एकेका धड्याच्या तीन तीन तयाऱ्या केल्या. दोनेक महिन्यांनी वाचनाच्या तासाला एका मुलीला उतारा वाचायला सांगितला तर तिने पुस्तकच उघडलं नाही, खिशावरच्या कानावर बोट ठेवलं आणि म्हणाली, ‘मॅडम मी कानवाली आहे ना, मला वाचून नाही समजत, तुम्ही सांगा.’ नऊ वर्षांची पोर! तिला वाचता येत होतं, आधी आवडीने वाचायचीसुद्धा. काळजात चर्र झालं माझ्या. स्टिकर मी त्याच तासाला काढला पण ‘मला वाचून समजत नाही’ हे तिच्या डोक्यातून काढायला वर्ष गेलं.

मग शोधत बसले. तर २००८ सालीच पॅशलर, मॅकडॅनियल, रोरर आणि ब्यॉर्क या चार मानसशास्त्रज्ञांनी या विषयावरचं सगळं संशोधन एकत्र तपासलेलं होतं. त्यांची अट साधी होती, डोळेवाल्यांना दाखवून आणि कानवाल्यांना सांगून मार्क वाढले एवढं पुरत नाही, प्रत्येक गटातल्या काही मुलांना मुद्दाम उलट्या पद्धतीनेही शिकवून बघा आणि ज्याला त्याला ‘त्याच्या’ पद्धतीनेच जास्त फायदा झाला तर मानू. असे नीट केलेले अभ्यास फार थोडे निघाले आणि त्यातले काही तर या कल्पनेच्या विरुद्धच गेले. मुलांना आवडीनिवडी असतात हे खरंय, पण त्यांप्रमाणे शिकवलं की शिकणं वाढतं याला पुरेसा पुरावा सापडला नाही. म्हणजे आमच्या ट्रेनिंगच्या आधीच हे छापून आलेलं, आणि आमच्यातल्या एकानेही त्या दोन दिवसांत हात वर करून विचारलं नाही की हे कोणी बघितलं, किती मुलांवर, कोणाशी तुलना करून.

‘कोणाशी तुलना’ हा मला सगळ्यात कळीचा प्रश्न वाटतो. केनियातलं एक उदाहरण मी आता स्टाफरूममध्ये सगळ्यांना सांगते. वर्गात टांगून एकेक पान उलटतात ते मोठे तक्ते असतात ना, फ्लिप चार्ट, ते ज्या शाळांकडे आधीपासून होते तिथल्या मुलांचे मार्क इतरांपेक्षा चांगले दिसत होते. यावरून कोणीही म्हणेल की सगळीकडे तक्ते वाटा. पण मायकल क्रेमर (यांना पुढे २०१९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं) आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १७८ शाळा घेतल्या, शाळा चांगली की वाईट हे न बघता निम्म्यांना तक्ते दिले, निम्म्यांना नाही दिले, आणि मग बघितलं तर मार्कांत फरकच नाही. विचार केला की लक्षात येतं, जी शाळा धडपडून तक्ते मिळवते तिथले मुख्याध्यापक, पालक, शिक्षक आधीच धडपडे असतात, मार्क त्यांच्यामुळे वाढलेले असतात आणि श्रेय तक्त्यांना मिळतं. आपल्या शाळांत येणारी किती ॲप्स, किती किट्स याच चालीने ‘सिद्ध’ झालेली असतील!

असंच आपल्या ज्यादा तासांचंही होतं. पहिल्या चाचणीत सगळ्यात कमी मार्क पडलेली मुलं आपण निवडतो, त्यांचे तास घेतो, पुढच्या चाचणीत त्यांचे मार्क वाढतात आणि आपण खूश होतो. पण त्यातल्या काहींचा पहिला पेपरच वाईट दिवशी झालेला असतो, कोणाला ताप होता, कोणाच्या घरात भांडण झालं होतं, त्यांचे मार्क काहीही न करता थोडे वर येणारच होते. तास घेऊ नका असं मी अजिबात म्हणत नाहीये. पण तासांचाच फायदा झाला असं म्हणायचं तर तेवढेच मार्क असलेली आणि तासांना न बसलेली मुलं शेजारी ठेवून बघायला पाहिजे.

आता समजा संशोधन पक्कं आहे. तरी ते आपल्याकडे लागू पडेलच असं नाही. वर्गातली मुलं कमी केली की काय होतं याचा एक फार मोठा प्रयोग अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात १९८५ पासून चार वर्षं चालला. ७९ शाळा, ११ हजारांवर मुलं, कोण १३ ते १७ मुलांच्या वर्गात जाणार आणि कोण २२ ते २५ च्या, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलेलं, शिक्षकांचंही तसंच. लहान वर्गातली मुलं खरंच पुढे गेली, गरीब घरातल्या मुलांना जास्त फायदा झाला. ते बघून १९९६ मध्ये कॅलिफोर्नियाने एका झटक्यात राज्यभर खालचे वर्ग लहान करायला घेतले, म्हणजे हजारो नवे शिक्षक एकदम लागले, मग पूर्ण पात्रता नसलेले खूप जण भरले गेले, खोल्या पुरेनात, आणि गरीब वस्तीतल्या शाळांमधले अनुभवी शिक्षक दुसरीकडे उघडलेल्या जागांवर निघून गेले. टेनेसीसारखा स्पष्ट फायदा तिथे काही दाखवता आला नाही. टेनेसीच्या प्रयोगात काहीच खोट नव्हती, पण तिथे लहान वर्गाला शिकवायला तयार शिक्षक होते, ती गोष्ट सोबत नेली गेली नाही. म्हणून कुठलाही अभ्यास वाचताना मी आता विचारते की तिथे असं काय होतं जे आमच्याकडे नाहीये.

आकड्यांबद्दल थोडंसंच. शिक्षणाचे अभ्यासक जॉन हॅटी यांनी २००९ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून काढलेले ८०० हून जास्त निकाल एका यादीत लावले आणि ०.४० च्या वर परिणाम (मुलांच्या मार्कांत एरवी जेवढा कमीजास्तपणा असतो त्याच्या तुलनेत किती फरक पडला ते सांगणारा आकडा) असेल तर ती गोष्ट करण्यासारखी असं माप सांगितलं. यादी फार गाजली आणि कित्येक शाळांत तो आकडा देवळातल्या घंटेसारखा वाजवला जातो. पण संशोधकाने स्वतःच बनवलेल्या परीक्षेत परिणाम मोठा दिसतो, सर्वांसाठी असलेल्या परीक्षेत तोच लहान दिसतो, थोड्या मुलांवरच्या अभ्यासात आकडे फुगतात, हे सगळं एका सरासरीत मिसळलं की आकड्यावर डोळे मिटून विश्वास ठेवता येत नाही. मला त्यापेक्षा इंग्लंडच्या एज्युकेशन एन्डाउमेंट फाउंडेशनची टूलकिट बरी वाटते, नेटवर फुकट आहे, एखाद्या उपायाने साधारण किती महिन्यांची प्रगती होते, खर्च किती येतो आणि पुरावा किती भक्कम आहे हे तिन्ही वेगवेगळं दाखवते, पुराव्यासाठी जास्तीत जास्त पाच कुलपांची खूण असते. मुलाला त्याच वर्गात परत बसवणं हा उपाय तिथे खर्चिक आणि सरासरीने नुकसानीचा दिसतो. ज्यांना ‘एक वर्ष मागे ठेवा, पक्कं होईल’ वाटतं त्यांनी एवढं एक पान तरी वाचावं.

एक गोष्ट मात्र मी स्वतः करून बघितली ती सांगते. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ च्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी एक उतारा वाचला, मग काहींनी तोच परत वाचला, काहींनी तो न बघता आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर परत वाचणारे पुढे, ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्याने घेतली तर उलटं, आठवून लिहिणारे ५६ आणि परत वाचणारे ४२. फुकटचा उपाय! पण ती मुलं कॉलेजची होती, माझी सातवीची. म्हणून लगेच शाळाभर सुरू करायच्या ऐवजी आम्ही दोन तुकड्या घेतल्या, दोन्हींना विज्ञान मीच शिकवते. एका धड्याला अ तुकडीने तासाच्या सुरुवातीला पाच मिनिटं वह्या बंद करून आठवेल ते लिहायचं आणि ब ने तेवढाच वेळ धडा परत वाचायचा, पुढच्या धड्याला अदलाबदल. आणि मुख्य म्हणजे चाचणी कधी घेणार, कशाला फायदा म्हणणार आणि फरक दिसला नाही तर बंद करणार हे सुरुवातीलाच कागदावर लिहून मुख्याध्यापकांकडे दिलं, नाहीतर नंतर मन आपल्याला हवं तेच बघतं. पेपर दुसऱ्या मॅडमनी तपासले, कुठली तुकडी काय करत होती हे त्यांना माहीत नव्हतं. विज्ञानात तीन आठवड्यांनंतर आठवून लिहिण्याचा फायदा दिसला, दोन्ही तुकड्यांत दिसला. मग सहकाऱ्यांनी व्याकरणात तसंच केलं तर काही खास दिसलं नाही, तिथे आम्ही थांबवलं. दोन तुकड्यांवरून जगाला काही सांगता येत नाही हे मला कळतं, पण आमच्या मुलांसाठी निर्णय घ्यायला एवढं उपयोगी पडलं.

याला पैसे लागले नाहीत, वेळ लागला. आणि वेळच शिक्षकाकडे नसतो, एक ऑफ तास मिळाला तर तो माहिती भरण्यात जातो. महिन्यातून एक तास चार शिक्षकांनी एकत्र बसून एक अभ्यास वाचायचा, एवढी तरतूद वेळापत्रकात झाली तर निम्मी ट्रेनिंगं बंद केली तरी चालतील असं माझं स्पष्ट मत आहे. वरून नवी योजना येते तेव्हा जुनीचं काय झालं हेही कोणी सांगत नाही, ती नुसती विसरली जाते, त्यामुळे कशाने फायदा झाला आणि कशाने नाही हे कुठेच साठत नाही.

आणि संपादक महोदय, तुमच्याकडे एक मागणं आहे. यापुढे ‘संशोधनाने सिद्ध’ असं छापाल तेव्हा किती मुलं होती, कुठल्या वयाची, किती दिवस चाललं, तुलना कोणाशी केली आणि पैसे कोणी दिले एवढं विचारून खाली द्या, चार ओळी लागतील. ती कात्रणं आम्ही स्टाफरूमच्या बोर्डावर लावू.

आपली,
एक शिक्षिका