जाळलेला तीळ तपासणार कसा?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परवा जत्रेच्या फेरीत एक पाटी पाहिली : ‘तीळ, चामखीळ दोन मिनिटांत गायब’. मला माझ्या नणंदेची टाच आठवली. टाचेवरचा काळा डाग तिने एका पार्लरमध्ये असाच जाळून घेतला होता. वर्षभरात व्रणाच्या कडेने पुन्हा काळे फुटले. त्वचारोगतज्ज्ञांचा पहिलाच प्रश्न, “काढलेला तुकडा तपासायला पाठवला होता?” तुकडा कुठला! त्याची राख झालेली.

अर्धवट काढलेला साधा तीळ पुन्हा उगवला की मेलेनोमासारखाच दिसू शकतो, सूक्ष्मदर्शकाखालीही फसवू शकतो, हे तेव्हा कळले. मेलेनोमा म्हणजे त्वचेला रंग देणाऱ्या पेशींचा कर्करोग. तो गोऱ्यांना, किनाऱ्यावर ऊन खात पडणाऱ्यांना होतो, असे आपण समजतो. आपल्याकडे तो कमी आढळतो हे खरे, पण होतो तेव्हा बऱ्याचदा तळपाय, तळहात किंवा नखाखाली, जिथे ऊन फारसे पोहोचत नाही. किनाऱ्यावरच्या शॅकमध्ये, म्हणजे झोपडीवजा हॉटेलात, ज्याचे चित्र हमखास असते, त्या गायक बॉब मार्लीला १९७७ मध्ये पायाच्या अंगठ्याच्या नखाखालीच त्याचे निदान झाले. १९८१ मध्ये तो गेला, वय अवघे ३६.

डॉक्टरांनी डर्मोस्कोप, म्हणजे दिव्याचे भिंग, टाचेवर टेकवून आम्हालाही दाखवले. तळपायाची कातडी मिरचीच्या वाफ्यासारखी, सरी आणि वरंबा. साध्या तिळाचा रंग बहुधा सरीत बसतो, मेलेनोमाचा वरंब्यावर चढतो. नणंदेच्या टाचेवर मात्र व्रणामुळे ना सरी उरली होती ना वरंबा. मग सगळा भाग कापून बायोप्सीला पाठवावा लागला. अहवाल येईपर्यंत घरात कुणाच्या घशाखाली घास उतरत नव्हता. निघाला साधा तीळ.

तीळ सगळ्यांनाच असतात, उगाच घाबरायचे कारण नाही. पण दोन अर्धी जुळत नसतील, कड फाटकी असेल, रंग दोन-तीन असतील, आकार ६ मिलिमीटरहून मोठा असेल, आणि मुख्य म्हणजे तो बदलत असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवावा. नखातली काळी रेघ शेजारच्या कातडीवर उतरली असेल तर लगेच. शस्त्रक्रियेने काढलेला तीळ तपासायला पाठवणार का, हेही विचारून घ्यावे. आणि आरोग्य खात्याने एकदा जत्रेतल्या या पाट्या वाचाव्यात.

नणंद आता ठीक आहे. व्रण तेवढा जाड राहिलाय. काजूची बोंडे वेचायला बागायतीत चढली की टाच ठणकते म्हणते.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, डिचोली