लागुनाच्या मृतांना नावे मिळावीत : फिलिपिन्सच्या राष्ट्रीय इतिहास आयोगाच्या अध्यक्षांना खुले पत्र

प्रति,
माननीय अध्यक्ष,
राष्ट्रीय इतिहास आयोग, मनिला, फिलिपिन्स

माननीय अध्यक्ष महोदय,
सविनय नमस्कार.

भाताच्या संशोधनासाठी लागुना प्रांतातील लॉस बान्योस येथे जी भारतीय कुटुंबे येऊन राहिली, त्यांपैकी एका मराठी कुटुंबातील मी आहे. या पत्राची इंग्रजी प्रत आपल्या कार्यालयाकडे वेगळी पाठवत आहे. मराठीत ते प्रसिद्ध करते आहे, कारण महाराष्ट्रातून वैद्यकीय शिक्षणासाठी बरीच मुले आज फिलिपिन्समध्ये येतात, आणि ज्या देशात ती उमेदीची काही वर्षे घालवणार, त्या देशातल्या लहान गावांनी महायुद्धात काय सोसले हे त्यांना आणि त्यांच्या पालकांना ठाऊक असावे असे मला मनापासून वाटते.

लॉस बान्योसच्या कृषी महाविद्यालयाच्या आवारात, माकिलिंग डोंगराच्या पायथ्याशी, फिलिपिन्स ताब्यात घेतलेल्या जपानी सैन्याने 1943 मध्ये शत्रुराष्ट्रांच्या नागरिकांसाठी नजरकैद छावणी उभारली. 23 फेब्रुवारी 1945 च्या सकाळी अमेरिकेच्या अकराव्या एअरबोर्न डिव्हिजनचे छत्रीधारी सैनिक छावणीशेजारी उतरले, उभयचर वाहने लागुना दे बाय सरोवर ओलांडून आली, आणि आधीच दबा धरून बसलेल्या फिलिपिनो गनिमी तुकड्यांनी त्याच क्षणी पहाऱ्यावर हल्ला चढवला. दोन हजारांहून अधिक कैदी काही तासांत सरोवरापलीकडे सुखरूप पोहोचले. ही मोहीम आजही एक आदर्श मोहीम म्हणून अभ्यासली जाते, आणि ते योग्यच आहे. हंटर्स आरओटीसी या गनिमी गटाच्या कोवळ्या वयाच्या कॅडेटांनी आणि हुकबालाहाप या जपानविरोधी गनिमी सेनेतील शेतकऱ्यांनी त्या दिवशी जे धैर्य दाखवले, त्याचा गौरव जितका होईल तितका थोडाच आहे.

परंतु कैद्यांना घेऊन अमेरिकी तुकड्या परत गेल्या आणि गाव मागेच राहिले. पुढच्या काही दिवसांत जपानी सैनिक आणि त्यांना सामील झालेले ‘माकापिली’, म्हणजे जपानच्या बाजूने लढणारे फिलिपिनो, गावात परतले. गावकऱ्यांनी सुटकेला मदत केली असा ठपका ठेवून त्यांनी घरे पेटवली आणि पुरुष, बायका, मुले यांची सरसकट कत्तल केली. मृतांचा आकडा साधारणपणे दीड हजार सांगितला जातो. अध्यक्ष महोदय, हा आकडा इतका गोल आहे, यातच मला या साऱ्या प्रकरणाचे दुःख दिसते. सुटलेल्या कैद्यांची नावे, वये आणि राष्ट्रीयत्वे याद्यांमध्ये उतरली. ज्यांनी त्या सुटकेची किंमत मोजली, ते मात्र अंदाजाने मोजले गेले. छावणीतील अन्नपुरवठ्यावर ताबा ठेवून कैद्यांना उपाशी मारणारा आणि या कत्तलीतही हात असलेला सादाआकी कोनिशी याला युद्धानंतर खटला चालवून फाशी देण्यात आले. त्या खटल्यांतील साक्षी लेखी स्वरूपात आहेत. म्हणजे मृतांपर्यंत पोहोचण्याची वाट पूर्ण बुजलेली नाही.

आणखी एक गोष्ट इथे सांगितली पाहिजे. बरोबर एक वर्षाने, 23 फेब्रुवारी 1946 रोजी, फिलिपिन्समधील जपानी सैन्याचे सेनापती जनरल यामाशिता यांना याच लॉस बान्योसमध्ये फाशी देण्यात आले, आणि बातान मृत्युयात्रेबद्दल, म्हणजे 1942 मध्ये पायी चालवत नेलेल्या हजारो युद्धकैद्यांच्या मृत्यूबद्दल, दोषी ठरलेल्या जनरल होम्मा यांना 3 एप्रिल रोजी याच गावी गोळ्या घालण्यात आल्या. दोन सेनापतींच्या अखेरच्या घटकेची नोंद तारखेनिशी राहावी आणि गावच्या कोळ्याची, शिंपिणीची, शाळकरी मुलाची राहू नये, ही उणीव भरून काढणे आयोगाच्या हाती आहे.

लॉस बान्योस एकटे नाही. शेजारच्या कालाम्बात फिलिपिन्सचे राष्ट्रीय नायक होसे रिसाल यांचे जन्मघर आहे. शाळकरी मुलांनी दिलेल्या नाण्यांच्या मदतीने ते पुन्हा उभारले गेले आणि 1950 पासून देशभरातून लोक ते पाहायला येतात. त्याच कालाम्बातील रेआल येथे 12 फेब्रुवारी 1945 रोजी शेकडो नागरिकांना मारण्यात आले, पण तिकडे किती जणांची पावले वळतात? बातांगास प्रांतातील बावानमध्ये 28 फेब्रुवारीला पुरुषांना आधी चर्चमध्ये जमवले, मग एका मोठ्या घरात नेऊन स्फोटाने उडवून दिले. लिपा परिसरातही त्याच महिन्यांत गावेच्या गावे रिकामी झाली. 1945 च्या मनिलाच्या लढाईतील सुमारे एक लाख मृतांसाठी इंत्रामुरोस या तटबंदीच्या जुन्या शहरात 1995 पासून ‘मेमोरारे’ हे स्मारक उभे आहे. लुझोन बेटाच्या दक्षिणेकडील या गावांचे दुःख मात्र गावागावांत विखुरलेले राहिले आहे. सर्व गावांची मिळून एक नोंद झाली, तर ही एकाच धोरणाची शिकार होती हे तरी वाचणाऱ्याच्या ध्यानात येईल.

या मौनाची कारणे मी समजू शकते. माकापिली बाहेरून आलेले नव्हते. ते पंचक्रोशीतलेच होते, त्यांचीही नातवंडे त्याच चर्चमध्ये प्रार्थनेला बसतात. शिवाय जपान आज आपल्या देशाचा जवळचा मित्र आहे. 2018 मध्ये मनिलाच्या रोहास बुलेवारवरून जपानी सैन्याने लैंगिक गुलामगिरीत ढकललेल्या स्त्रियांचे शिल्प हटवले गेले, तेव्हा हा संकोच उघड दिसला. पण ज्यांची पत्नी आणि तीन मुले मनिलाच्या लढाईत मारली गेली, त्या राष्ट्राध्यक्ष किरिनो यांनी 1953 मध्ये जपानी युद्धकैद्यांना माफी दिली. काय घडले ते पुरते ठाऊक असलेल्या माणसाने दिलेली ती माफी होती. नोंद ठेवल्याने मैत्री तुटते असे म्हणणे मला म्हणूनच पटत नाही.

उशीर झाला की काय होते, हे बुलाकानमधील सान इल्देफोन्सोच्या ‘बाहाय ना पुला’ या लाल घराने दाखवले आहे. 23 नोव्हेंबर 1944 रोजी पाम्पांगातील मापानिके गावावर जपानी सैन्याचा हल्ला झाल्यावर तेथील स्त्रियांना ज्या घरात नेऊन त्यांच्यावर अत्याचार केले गेले, त्या घराच्या भिंती आणि फळ्या गेल्या दशकात उतरवल्या गेल्या. त्या स्त्रियांच्या, म्हणजे ‘मलाया लोलां’च्या (मुक्त आज्यांच्या), बाजूने संयुक्त राष्ट्रांच्या समितीने 2023 मध्ये निर्णय दिला, तोपर्यंत त्यांतील कितीतरी आज्या हयात नव्हत्या. त्याच वर्षी वारसा कायद्यात दुरुस्ती होऊन सांस्कृतिक वारशाचे मॅपिंग करण्याची जबाबदारी स्थानिक प्रशासनांवर आली. नगरपालिका जुन्या हवेल्या आणि चर्च नोंदवतीलच. जिथे आता केवळ झाडी किंवा रिकामे मैदान आहे, अशा कत्तलीच्या जागा त्या यादीत याव्यात म्हणून आयोगाने स्पष्ट लेखी सूचना देणे आवश्यक आहे.

माझी मुख्य विनंती नामावलीची आहे. गावोगावच्या चर्चमधील मृत्युनोंदी, खटल्यांतील साक्षी आणि अजून हयात असलेल्या वृद्धांच्या आठवणी एकमेकींशी ताडून लॉस बान्योसपासून कामाला सुरुवात करावी. तागालोगमध्ये लिहिलेली ती नावे त्या त्या गावातच लावावीत आणि शाळांपर्यंत पोहोचवावीत. एखाद्या कुटुंबाला आपल्या माणसाचे नाव जाहीर नको असेल, तर त्यांच्या इच्छेचा मान राखावा. विद्यापीठ गावातच असल्याने इतिहासाचे विद्यार्थी या कामाला मिळणे अवघड नाही. आयोगाने केवळ पद्धत आखून द्यावी आणि एका जबाबदार अधिकाऱ्याची नेमणूक करावी.

दरवर्षी 23 फेब्रुवारीला सुटकेचा दिवस येतो. येत्या फेब्रुवारीत त्यानंतरच्या दिवसांतील मृतांसाठीही एक वेळ राखून ठेवावी, आणि तोवर जितकी नावे खात्रीने हाती येतील तितकी त्या वेळी मोठ्याने वाचावीत, ही विनंती. आपल्या लेखी उत्तराची मी वाट पाहते.

आपली नम्र,
लॉस बान्योस येथील एक मराठी रहिवासी