ज्वालामुखी नाही, आणि अंडंही उकडत नाही

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत एका दिवसात जाऊन येण्याजोग्या ठिकाणांची यादी आली होती. त्यात नालासोपाऱ्याचा स्तूप आणि वज्रेश्वरीची गरम पाण्याची कुंडं अशी जोडी पाहून बरं वाटलं, कारण हीच सहल आम्ही गेल्या महिन्यात केली. मात्र त्यात वज्रेश्वरीचं पाणी 'ज्वालामुखीमुळे' तापतं असं म्हटलं होतं, आणि सोबत 'जाणकार गाईड' घ्यावा असा सल्लाही होता. या दोन्हींबद्दल थोडं लिहायचंय. थोडं म्हणता म्हणता लांबेल, पण कात्री आपल्या हातात आहेच.

मी डोंबिवलीची. एका कॉलेजात रसायनशास्त्राच्या लॅबमध्ये 31 वर्षं असिस्टंट होते. माझा थोरला भाऊ, आमचा दादा, बडोद्याला असतो. वय 74. त्याला जुन्या नाण्यांचा नाद आहे, आणि रक्तदाबाची गोळी रोज सकाळी. बरेच दिवस 'एकदा सोपारा दाखव' म्हणून मागे लागला होता. लोकल आणि रिक्षा त्याला झेपणार नाही म्हणून मी गाडी, ड्रायव्हर आणि 'तज्ज्ञ मार्गदर्शक' अशी सगळी खाजगी सोय घेतली. साडेसहा हजार रुपये मोजले. कंपनीचं नाव लिहीत नाही. अशा कंपन्या पुष्कळ आहेत, आणि एकीचं नाव लिहिलं तर बाकीच्या सुटतात.

पहाटे सहाला निघालो. गाईड म्हणून आलेला मुलगा फार तर बावीस-तेवीस वर्षांचा, बोलायला गोड. घोडबंदरला वाहतुकीत अडकलो, तो वेळ त्याने दादाशी गप्पा मारून सुखाचा केला, हे मान्य करायला हवं. साडेआठच्या सुमारास स्तूपापाशी पोचलो. त्याने मोबाईल काढला आणि वाचून दाखवलं, "हा बुरूड राजाचा किल्ला. इथे सम्राट अशोकाने सोनं पुरलं होतं. फोटो काढून घ्या, मग देवीला जाऊ." संपलं. मी घड्याळ पाहिलं, चार मिनिटं झाली होती.

त्या मुलाचं सगळंच चूक होतं असंही नाही. गावातले लोक त्या टेकाडाला बुरूड राजाचा कोटच म्हणायचे. पण एप्रिल 1882 मध्ये पुरातत्त्व-संशोधक पंडित भगवानलाल इंद्रजींनी ते खणलं तेव्हा तो किल्ला नव्हे, विटांचा स्तूप आहे हे कळलं. मधोमध विटांची एक कोठी आणि तिच्यात दगडी पेटी. दादाने हे सांगायला सुरुवात केली आणि मध्येच थांबून मला म्हणाला, "तुझे डबे काढ बघू."

मी थालीपिठं, लसणाची चटणी, लाडू असं सगळं एकात एक बसणाऱ्या स्टीलच्या डब्यांतून नेलं होतं. झाडाखाली पेपर पसरून दादाने सगळे डबे रिकामे करायला लावले. मग एकेक आत सरकवत गेला. "हा सगळ्यात बाहेरचा, तांब्याचा करंडक. त्यात चांदीचा. त्यात दगडाचा. त्यात स्फटिकाचा. आणि हा एवढासा," माझी चटणीची डबी हातात घेऊन, "हा सोन्याचा. आता सांग, सोन्याच्या डबीत काय असेल?" गाईड म्हणाला, "हिरे?" दादा म्हणाला, "खापऱ्या. मातीच्या भांड्याचे तुकडे. आणि थोडी सोन्याची फुलं."

भगवानलालांच्या मते ते तुकडे बुद्धाच्या भिक्षापात्राचे म्हणून जपलेले होते. एवढ्या जपणुकीचा शेवट मातीच्या तुकड्यांत, हे ऐकून तो मुलगा खरोखर गप्प झाला. मग म्हणाला, "काका, परत एकदा सांगा, लिहून घेतो."

तांब्याच्या करंडकाभोवती काशाच्या आठ बुद्धमूर्ती होत्या, सात होऊन गेलेल्या बुद्धांच्या आणि आठवी मैत्रेयाची, पुढे व्हायच्या बुद्धाची. सोबत यज्ञश्री सातकर्णी या सातवाहन राजाचं चांदीचं एक नाणं. दादाचा जीव त्या नाण्यात. नाणं दुसऱ्या शतकातलं आणि मूर्ती आठव्या-नवव्या शतकाच्या आसपासच्या, म्हणजे स्तूप मधल्या काळात कुणीतरी उघडला, मूर्ती ठेवल्या आणि परत बंद केला. "कुणी उघडला असेल?" असं दादा तीनदा म्हणाला. त्याला उत्तर नको होतं, प्रश्नच आवडला होता. या वस्तू मुंबईत एशियाटिक सोसायटीकडे आहेत. हे गाईडला माहीत असतं तर 'इथून निघाल्यावर कधीतरी तिकडेही जा' एवढं तरी सांगता आलं असतं.

याच सोपाऱ्यात भातेला तळ्याजवळ अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला, तोही भगवानलालांना, तोही 1882 मध्येच. नवव्याचा तुकडा 1956 साली भुईगावला मिळाला. आता या आठव्या लेखाचा विषय काय असावा? सहल! पूर्वीचे राजे विहारयात्रेला जात, शिकार करत, मौज करत. मी मात्र धर्मयात्रा करतो, श्रमण-ब्राह्मणांना भेटतो, वृद्धांना दान देतो, गावोगावच्या लोकांशी बोलतो, असं राजा सांगतो. बावीसशेहून अधिक वर्षांपूर्वी सहल कशी करावी हे ज्या गावात दगडावर कोरलं होतं, त्या गावात आम्ही चार मिनिटांचा गाईड घेऊन गेलो होतो. दादा हसून हसून खोकायला लागला.

असो. चक्रेश्वराच्या देवळात ब्रह्मदेवाची उभी मूर्ती पाहिली आणि शिरसाड फाट्यावरून वज्रेश्वरीच्या रस्त्याला लागलो. बावन्न पायऱ्या दादा सावकाश चढला. वसईच्या मोहिमेत चिमाजी अप्पांनी देवीला नवस बोलला होता, 1739 मध्ये वसई घेतल्यावर तो फेडायला हे देऊळ बांधलं. म्हणून देवळाला किल्ल्यासारखा कोट. हे त्या मुलाने नीट सांगितलं, त्याचे गुण मी कापणार नाही.

आता पाण्याकडे येते, कारण पत्र लिहायला बसले ते त्यासाठीच.

वज्रेश्वरीजवळच अकलोलीला रामेश्वराच्या देवळाशी ही कुंडं आहेत आणि जवळच तानसा नदी. थंडीचे दिवस होते, पाण्यावर वाफ होती, गंधकाचा वास येत होता. गाईडने पुन्हा मोबाईल काढला. "खाली जिवंत ज्वालामुखी आहे. पाणी इतकं गरम की अंडं उकडतं. काका, अर्धा तास बसा, सांधे मोकळे होतील, बीपीसुद्धा उतरतं." शेवटचं वाक्य तेवढं खरं निघालं.

दादा कुंडात उतरला. मी काठावर बसून पर्समधून थर्मामीटर काढला. लॅबमधला, लाल स्पिरिटचा. निवृत्त होताना मुलींनी गंमत म्हणून दिलेला. सगळ्यात कडक कुंडात 51 अंश आले. दादा बसला होता त्यात 43. अंड्याचा पांढरा भाग घट्ट व्हायला 60 च्या वर जावं लागतं. 51 अंशांत अंडं दिवसभर ठेवलं तरी ते नुसतं गरम होईल. हिमाचलात मणिकर्णला पुरचुंडीत बांधून तांदूळ शिजवतात, ते खरं आहे, पण तिथलं पाणी निराळं. आपल्याकडे कोकणात सगळ्यात कडक म्हणतात ते दापोलीकडच्या उन्हवऱ्याचं, तेही सत्तर अंशांच्या आसपास.

आणि ज्वालामुखी? आपल्या या काळ्या दगडाचा लाव्हा वाहिला त्याला साडेसहा कोटी वर्षं झाली. तो कधीच गार झालाय. होतं ते एवढंच, की पावसाचं पाणी भेगांतून खोल उतरतं. जमिनीत दर किलोमीटरला साधारण 25 ते 30 अंशांनी उष्णता वाढते. तिथे ते तापतं आणि दुसऱ्या भेगेतून वर येतं. जाताना-येताना खडकातले क्षार घेतं, म्हणून चवीला खारट. सातिवली, अकलोली, पालीजवळचं उन्हेरे, महाडजवळचं सव, उन्हवरे, अरवली, तुरळ, राजवाडी, आणि खाली राजापूरजवळचं उन्हाळे, अशी ही ओळ पालघरपासून रत्नागिरीपर्यंत किनाऱ्याला धरून गेलीय. नावं वाचून पाहा. उन्हेरे, उन्हवरे, उन्हाळे. आपण 'ऊन ऊन भात' म्हणतो त्यातलं हे 'ऊन'. देवीने मारलेल्या दैत्यांच्या रक्तामुळे पाणी तापलं ही गावची गोष्टही मला आवडते. ती गोष्ट म्हणूनच सांगतात. ज्वालामुखी मात्र शास्त्र म्हणून सांगतात, म्हणून राग येतो.

तर, वीसेक मिनिटं झाली असतील. "बास रे आता," म्हणून मी दादाला हाक मारली. तो उठला, पायरीवर एक पाय ठेवला आणि तोंड पांढरं पडलं. काही बोलायच्या आत तो कलंडला. डोकं पायरीवर आपटलं नाही, कारण शेजारच्या एका बाबांनी त्याला बगलेत धरलं. मी नुसती ओरडत होते. 31 वर्षं मुलींना 'घाबरू नका, आधी बर्नर बंद करा' असं सांगणारी बाई, मला काहीएक सुचलं नाही.

सुचलं ते काठावर भज्यांची गाडी लावणाऱ्या बाईंना. हातातला झारा टाकून त्या आल्या. "बसवू नका त्यांना, आडवं करा! पाय वर धरा!" गाईड खुर्ची आणायला धावला होता, त्याला त्यांनी दटावून परत फिरवलं. दादाला फरशीवर निजवला, त्याचे पाय त्या मुलाच्या खांद्यावर. ओला पंचा कपाळावर. दोन-तीन मिनिटांत डोळे उघडले. पूर्ण शुद्धीवर आल्यावर बाईंनी त्याला मीठ-साखरेचं पाणी घोट-घोट पाजलं आणि मला म्हणाल्या, "गोळी घेतात ना बीपीची? दर रविवारी एखादा असा पडतोच. पाच-सात मिनिटं बसायचं, आणि उठताना आधी काठावर बसायचं. पण सांगतं कोण."

घरी परतल्यावर आमच्या डॉक्टरांनीही हेच सांगितलं. गरम पाण्यात रक्तवाहिन्या सैल पडतात, रक्तदाब उतरतो, त्यात गोळीचा असर, आणि माणूस एकदम उभा राहिला की मेंदूला रक्त कमी पडतं. त्यातून दादाने सकाळपासून धड पाणीही प्यायलं नव्हतं. डॉक्टरांनी फी घेतली. बाईंनी भज्यांचे पैसेही घ्यायला नकार दिला.

परतीच्या वाटेवर तो मुलगा पुढच्या सीटवर रडवेला होऊन बसला होता. दादानेच विचारलं तेव्हा कळलं, की कंपनीने त्याला व्हॉट्सॲपवर दोन पानांचा मजकूर पाठवला होता. तोवर तो सोपाऱ्याला एकदाही गेला नव्हता. त्याला त्या दिवसाचे सहाशे रुपये मिळणार होते. साडेसहा हजारांतले सहाशे! गाडी, डिझेल, टोल सगळं धरलं तरी बाकीचे पैसे कशाचे, हे मी त्या कंपनीला फोन करून विचारलं. 'आमचे गाईड प्रशिक्षित असतात' असं उत्तर मिळालं. ज्वालामुखीचं वाक्य त्या दोन पानांत होतं. तेच वाक्य आपल्या पुरवणीत पाहिलं आणि मग राहवेना.

तेव्हा माझी विनंती अशी. पुरवणीत दुरुस्तीच्या दोन ओळी द्याव्यात, आणि त्यातली पहिली ज्वालामुखीची नसली तरी चालेल. पहिली ओळ वयस्करांसाठी असावी: बीपीची गोळी घेत असाल तर डॉक्टरांना विचारून उतरा, थोडाच वेळ बसा, सावकाश उठा, सोबत कुणी काठावर कोरडं असू द्या. अंड्यांचं वाचकांच्या लक्षात राहील असं आपण छापाल, तर अकलोलीला कुंडात अंडी सोडणारेही कमी होतील. आम्ही होतो तेव्हा एक पिशवी पाण्यात तरंगत होती, आत अर्धा डझन, सगळी कच्ची.

आणि गाईडचं म्हणाल तर, भज्यांच्या गाडीवरच्या त्या बाईंना वाचता येत नाही, असं त्या स्वतःच म्हणाल्या. थर्मामीटर मी त्यांच्यापाशीच ठेवून आले. आकडे कळत नाहीत म्हणून नखाला लावायच्या लाल रंगाने 40 वर एक रेघ मारून दिलीय. लाल पाणी त्या रेघेच्या वर गेलं की म्हाताऱ्या माणसाला उतरू द्यायचं नाही, असं ठरलंय.

दादा बडोद्याला सुखरूप पोचला. पुढच्या खेपेला एशियाटिक सोसायटीत चौकशी करून जायचं, ते नाणं पाहायचं म्हणतोय. त्या मुलाचा फोन परवा येऊन गेला. काकांची तब्येत विचारली, आणि तांब्याच्या आत आधी चांदी की आधी दगड, हेही.

माझं नाव छापू नये, ही विनंती. कंपनीला ते ओळखू येईल आणि मुलाचे सहाशेही जातील.

आपली,
एक जुनी वाचक
डोंबिवली (पूर्व)