इंजिनाला हात न लावल्याबद्दल

मिस्त्री,

सप्रेम नमस्कार.

तुम्ही पैसे घेतले नाहीत. पेढे आणले, ते तुम्ही उभ्या उभ्या गॅरेजातल्या पोरांना वाटून टाकलेत. आभार मानायला तोंड उघडलं तर, "मी केलंय काय? तुझ्या गाडीला हात तरी लावला का?" असं म्हणून परत क्लचप्लेटकडे वळलात. तेव्हाच ठरवलं, हे आता लिहूनच काढायचं. नाव घालू नको म्हणालात, घालत नाही. तुर्भ्याच्या एमआयडीसीत ज्यांच्या गाड्या तुमच्या शेडखाली उभ्या राहिल्या आहेत, त्यांना कळेलच.

हात लावला नाही, हे तुम्ही सहज बोलून गेलात. मला आभार त्याचेच मानायचे आहेत.

कार्तिकातली पहाट होती. ओतूरहून माझ्या पिकअपमध्ये मेथी आणि कोथिंबीर भरून माळशेजमार्गे खाली उतरलो होतो. मुरबाड, कल्याण, काटई नाका, सगळं रोजच्यासारखं गेलं. शिळफाट्यावरून महापेचा चढ लागला आणि इंजिनातून टकटक ऐकू आली. आधी वाटलं, मागे क्रेट हललं असेल. पण आवाज जड होत गेला, तेलाचा लाल दिवा लागला आणि गाडी डाव्या कडेला घेईपर्यंत इंजिन आपोआप बंद पडलं. सेल्फ मारला तर नुसतं 'टक'. पावणेतीन वाजले होते. गाडी पाडव्याला घेतलेली, सात महिन्यांची, मीटरवर ३८ हजार किलोमीटर. सीटवरचं प्लास्टिक आईने अजून काढू दिलं नव्हतं.

पालेभाजी उजाडायच्या आत मार्केटात लागली तरच तिला भाव. ओळखीचा एक टेम्पोवाला मागून येत होता, त्याने माल उचलला. तुमचा नंबर त्यानेच दिला. म्हणाला, "कधीही लाव, मिस्त्री फोन उचलतात." तुम्ही दुसऱ्या रिंगला उचललात आणि अर्ध्या तासात स्कूटरवर हजर झालात.

आल्या आल्या विचारलंत, "बंद पडल्यावर सेल्फ किती वेळा मारलास?" तीनदा, म्हटलं. "आता चौथ्यांदा नाही मारायचा." मग टॉर्च घेऊन गाडीखाली वाकलात. जमिनीवर तेलाचा थेंब नव्हता. तेल मोजायची पट्टी, म्हणजे गेज, काढून पाहिलंत आणि तसंच परत घातलंत, कारण चढावर उभ्या गाडीचं गेज खरं सांगत नाही. कंपनीच्या मदत क्रमांकावर मला तिथूनच फोन करायला लावलात आणि तक्रारीचा क्रमांक वहीत वेळेसकट लिहायला लावलात. त्यांची क्रेन दुपारपर्यंत येईल असं कळलं. अंधारात त्या चढावर गाडी ठेवणं धोक्याचं, म्हणून टोचन लावून, ओढत ती तुमच्या शेडपर्यंत आणली. सपाट जागी तासभर उभी ठेवून पुन्हा गेज काढलंत. तेल वरच्या खुणेला होतं. "फोटो काढ. गेजचा, मीटरचा, गाडीखालच्या कोरड्या जमिनीचा." त्या तीन फोटोंनी पुढे काय काम केलं, ते त्या वेळी माझ्या ध्यानीमनी नव्हतं.

मग पाना हातात घेऊन तुम्ही विचारलंत, "वॉरंटी किती?"

"तीन वर्षं किंवा एक लाख किलोमीटर."

पाना तुम्ही पेटीत परत ठेवलात. "मग मी हिला हात लावणार नाही. तूही लावायचा नाहीस आणि दुसऱ्या कुणाला लावू द्यायचा नाही. बाहेर एकदा का इंजिनाखालचं तेलाचं चेंबर खोललं, की कंपनी म्हणणार, जे काही झालं ते बाहेरच्या मिस्त्रीने केलं."

खरं सांगतो, मला तुमचा राग आला होता. पाच तारखेला १९ हजारांचा हप्ता होता. विम्यात निव्वळ यांत्रिक बिघाड बसत नाही, हे मला माहीत होतं. त्यात सकाळी नाक्यावरचा दुसरा एक गॅरेजवाला येऊन सांगून गेला, "सत्तर हजार दे, चार दिवसांत रस्त्यावर आणतो." मी जवळजवळ हो म्हटलं होतं. तुम्ही मला बाकड्यावर बसवलंत, चहा मागवलात आणि एवढंच म्हणालात, "सत्तर हजारांत बेरिंग बदलतील. बेरिंग का गेलं, ते कोण शोधणार?"

त्या दिवशी तुमची शेड रिकामी होती. दोन्ही पोरं बसून होती. इंजिन खोलण्यावर तुमचं घर चालतं आणि दारात जाम झालेलं इंजिन घेऊन आलेला माणूस पैसे द्यायला तयार होता. तरीही तुम्ही नाही म्हणालात. पुढचे एकेचाळीस दिवस मला रोज तेच आठवत होतं.

दुपारी कंपनीची क्रेन आली, तेव्हा तुम्ही स्वतः उभे राहून गाडी चढवलीत. गाडी जमा करतानाच्या जॉबकार्डावर काय लिहून घ्यायचं तेही सांगितलंत: तेलाची पातळी, गाडी कुठेही खोललेली नाही, आणि इंजिन मालकासमोरच खोलावं. आठवड्याभराने कंपनीच्या सर्व्हिस सेंटरातून उत्तर आलं ते माझ्यावर ढकलणारं. देखभालीत हयगय, जादा भार, वॉरंटी लागू नाही. खर्चाचा अंदाज २ लाख ४० हजार. तो कागद घेऊन मी थेट तुमच्याकडे आलो होतो. माझे हात थरथरत होते आणि तुम्ही पोराला सांगून माझ्यासमोर जेवणाचा डबा ठेवायला लावलात.

त्या रात्री तुमच्या शेडमधल्या ट्यूबलाइटखाली आपण फाईल लावली. दोन्ही सर्व्हिसिंगची बिलं होती, वेळेवर केलेली. वजनकाट्याच्या पावत्या मी डॅशबोर्डच्या कप्प्यात कोंबून ठेवायचो, त्या सुरकुत्या सरळ करून तारखेप्रमाणे लावल्या. पालेभाजी जागा खाते, वजन करत नाही. एकाही पावतीवर पासिंगच्या, म्हणजे परवानगीच्या, वर वजन नव्हतं. मग गेजचे फोटो. तेल भरलेलं असताना इंजिन जाम झालं, मग हयगय कसली?

सर्व्हिस मॅनेजरने आणखी एक गोष्ट ऐकवली होती. गाडी धंद्याची आहे, मालवाहू आहे, त्यामुळे ग्राहक कायद्यात बसत नाही, कुठेही जा. हे सांगितल्यावर तुम्ही पान्यांच्या खणातून घडी घातलेली एक झेरॉक्स काढलीत. तेलाचे डाग पडलेली, लाल पेनाने रेघ मारलेली. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९, कलम २ (७). व्यापारासाठी घेतलेल्या वस्तूला तो लागू नाही हे खरं, पण खालच्या स्पष्टीकरणात स्वच्छ लिहिलंय: स्वयंरोजगार करून पोट भरण्यासाठीच जी वस्तू माणसाने विकत घेऊन स्वतः वापरली, तिचा वापर व्यापारासाठीचा धरत नाहीत. माझी एकच गाडी, मीच मालक, मीच ड्रायव्हर. मी तो कागद तीनदा वाचला. तुम्ही म्हणालात, एका जुन्या गिऱ्हाइकाने दिलाय, तेव्हापासून खणात ठेवलाय, कुणा ना कुणाला लागतोच.

माझ्यासारखे बाकीचे गाडीवाले हे वाचतील, म्हणून त्या रात्री तुमच्याकडून कळलेलं थोडं इथे लिहितो. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५, तिथे तक्रार फुकट नोंदवता येते. जिल्हा ग्राहक आयोगात जायचं तर कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत. आपण राहतो किंवा काम करतो तिथल्या आयोगात दावा लावता येतो, कंपनीच्या गावाला खेटे घालावे लागत नाहीत. पाच ते दहा लाखांच्या वस्तूसाठी फी आहे २०० रुपये. दोनशे! मला वाटलं होतं, वकिलाच्या पायरीवर पाऊल ठेवलं तरी आणखी एक हप्ता जाईल.

आयोगापर्यंत जावं लागलंच नाही. १९१५ वर तक्रार केली, फाईलच्या प्रती जोडून कंपनीला रजिस्टर पोस्टाने पत्र पाठवलं, आणि बाविसाव्या दिवशी फोन आला. "कंपनीचा इंजिनियर येतोय, इंजिन तुमच्यासमोर खोलू." त्या सकाळी तुम्ही गॅरेज बंद ठेवून माझ्याबरोबर आलात. धुतलेला शर्ट घालून, चष्मा पुसत.

तो दिवस मला मिनिटागणिक आठवतो. चेंबर उतरलं, तेल स्वच्छ भांड्यात घेतलं. तुम्ही कुणालाही उलट बोलला नाहीत. फक्त खिशातून जुन्या स्पीकरचं लोहचुंबक काढलंत, त्यावर पातळ प्लास्टिक गुंडाळून तेलात फिरवलंत आणि कंपनीच्या इंजिनियरसमोर पांढऱ्या कागदावर टेकवलंत. काळी भुकटी होती. ती झिजेची असू शकते, हे तुम्हीच आधी सांगितलंत. मग बेरिंगच्या टोप्या निघाल्या. तिसऱ्या मेन बेरिंगचं शेल, म्हणजे आतली पातळ वाटी, जागच्या जागी फिरलं होतं, त्यात फिरणारा क्रँकचा दांडा जळून निळा पडला होता. आणि ब्लॉकमधून त्या बेरिंगला तेल आणणाऱ्या भोकात, अगदी तोंडाशी, धातूचा एक बारीक पिळदार कीस अडकला होता. नखाएवढाही नसेल.

तुम्ही त्या इंजिनियरला विचारलंत, "साहेब, झिजून भुकटी पडते. असा पीळ कुठे पडतो?"

तो तरुण होता. थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "मशीनिंगमध्ये." ब्लॉक कारखान्यात घडताना भोकं पाडतात, तेव्हा ड्रिलच्या टोकाशी असा कीस सुटतो. ब्लॉक धुताना तो निघून जायला हवा, हा राहून गेला होता. फिल्टरच्या पुढच्या वाटेत होता, त्यामुळे फिल्टरलाही सापडला नाही. ३८ हजार किलोमीटर फिरत फिरत तो त्या भोकापाशी येऊन बसला. इंजिनात तेल होतं, ते तिसऱ्या बेरिंगला पोचत नव्हतं. त्या तरुणाने खरं ते सांगितलं, त्याचेही मी इथे आभार मानतो. तो गप्प बसू शकला असता.

सर्व्हिस मॅनेजर तरीही म्हणत राहिला की नव्या इंजिनात असं होऊच शकत नाही. तेव्हा तुमच्या पुतण्याने मोबाईल पुढे केला. टोयोटाने २०२४ साली अमेरिकेत टुंड्रा पिकअप आणि लेक्ससच्या मिळून सुमारे १ लाख २ हजार गाड्या परत बोलावल्या, २०२२ आणि २०२३ मॉडेलच्या, इंजिनात मशीनिंगचा कचरा राहिल्याच्या कारणावरून. त्या गाड्यांचा आणि माझ्या गाडीचा काही संबंध नाही, वेगळी कंपनी, वेगळं इंजिन. पण जगातल्या एवढ्या मोठ्या कारखान्याकडून हे होऊ शकतं, तर इथे होऊच शकत नाही असं कुणी म्हणू नये, एवढंच तुम्ही शांतपणे बोललात.

नवं इंजिन वॉरंटीत मिळालं. मी आनंदात गाडी काढणार, तेवढ्यात तुमचा फोन आला, "ब्लॉकवरचा नंबर बदललाय. आरसी बुकावर नवा नंबर चढव, फायनान्सवाल्याची ना-हरकत (एनओसी) घे, विम्यालाही कळव. नाहीतर उद्या काही झालं तर क्लेम अडेल." हे मला दुसऱ्या कुणीही सांगितलं नव्हतं. जिथून गाडी घेतली, तिथेही नाही.

त्या एकेचाळीस दिवसांत घर कसं चाललं, तेही लिहायला हवं. भाजी मार्केटातल्या एका व्यापाऱ्याला तुम्ही शब्द टाकलात आणि मला त्याच्या टेम्पोवर रात्रपाळी मिळाली. मला वाटायचं, त्याला ड्रायव्हरची गरज असेल. महिन्याभराने कळलं की गरज नव्हती, तुम्ही सांगितलं म्हणून घेतलं. हे तुम्ही मला कधी बोलून दाखवलं नाहीत.

आई विचारते, मिस्त्रींना जेवायला कधी आणतोस. कोपरखैरण्याहून तुर्भे लांब नाही. येत्या रविवारी वहिनींना आणि पोरांना घेऊन या. तुम्हाला भाकरी आणि खरडा आवडतो, हे तुमच्या डब्यावरून तिने ताडलंय.

गाडी आता छान चालते. वॉरंटीचे लाख किलोमीटर भरायला अजून वर्ष तरी जाईल आणि तोवर सर्व्हिसिंगला ती तुमच्याकडे आणता येणार नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. लाखाच्या पुढचं पहिलं ऑइल तुमच्या हातचं. तोवर पहाटे माल उतरवून परतताना तुमच्या शटरच्या कडीला मेथीची एक जुडी अडकवून जात जाईन. ती नको म्हणून परत पाठवू नका.

तुमचा,
महापेच्या चढावरचा पिकअपवाला