रेड अलर्ट 'चुकला' म्हणजे नक्की काय चुकलं?

माननीय संपादक,

रेड अलर्ट लागला, शाळांना सुट्टी दिली आणि दुपारी लख्ख ऊन पडलं की 'हवामान खात्यावर विश्वास कोण ठेवणार' अशी पत्रं ठरलेलीच. पण अंदाज खरा ठरला का आणि त्यावरून घेतलेला निर्णय बरोबर होता का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आपण त्यांची सर्रास खिचडी करतो.

खात्याचे रंग बघा ना, यलो म्हणजे लक्ष ठेवा, ऑरेंज म्हणजे तयार राहा, रेड म्हणजे कृती करा. पाऊस पडणारच अशी गॅरंटी त्यात कुठेच नाहीये आणि देणार तरी कशी? आजवर घडलं त्यावरून उद्याचं सांगायला तर्काचा पक्का आधार नाही हे स्कॉटिश तत्त्वज्ञ ह्यूमने 1739 मध्येच मांडलं, आणि आपल्याकडे चार्वाकांनी तर त्याच्या कितीतरी आधी, धूर तिथे अग्नी हे सगळीकडे, सगळ्या काळी बघून आलात का असं विचारून नैयायिकांना, म्हणजे न्यायदर्शनाच्या तर्कपंडितांना, घाम फोडला होता. त्या नैयायिकांपैकी उदयनाचार्यांचं त्यावरचं उत्तर भारी आहे: शंका खुशाल घ्या, पण स्वतःच्याच वागण्याशी तिचं भांडण लागलं की ती संपली. त्याच परंपरेतल्या गंगेशाने पुढे ते खुलवून सांगितलं, धूर हवा असला की विस्तव पेटवताच ना, भूक लागली की जेवताच ना, मग शंका कसली! खात्याला थापाडं म्हणणारे पण रेड अलर्टला पावसात तुंबणारा अंधेरी सबवे टाळूनच गाडी नेतात.

अर्थात यातून माणूस काय मानतो ते कळतं, मानलेलं खरं आहे हे नाही कळत. मग किती पुरावा पुरे? विज्ञानाचा तत्त्वज्ञ रिचर्ड रडनरने 1953 मध्ये लिहिलं की चुकलो तर किती महागात पडेल त्यावर ते ठरतं, आणि मला हे पटतं. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पडला आणि कुलाब्याला जेमतेम 73, तेव्हा आपल्या खिडकीत ऊन आलं म्हणून अख्ख्या मुंबईचा अंदाज फसला म्हणणं हे पण अनुमानच, आणि तेही कच्चं. सुट्टी फुकट नसते हे मान्य, पोरं घरी म्हणून कामाला जाणाऱ्या बाईचा खाडा होतो, त्यामुळे उगाच अलर्ट नकोतच. पण ते एका दिवसावरून कसं कळणार?

म्हणून विनंती, पावसाळा संपल्यावर प्रत्येक रेड अलर्ट आणि त्या दिवशी सांताक्रूझ, कुलाब्याला पडलेला पाऊस असा तक्ता छापा, मग भांडू.

– एक वाचक, विक्रोळी