गिअरबॉक्स उघडण्याआधी

चि. मनूस अनेक आशीर्वाद.

काल तू तुझ्या ऑटोमॅटिक गाडीच्या दुरुस्तीचे अंदाजपत्रक फोनवर वाचून दाखवलेस, तेव्हा तुझा आवाज शांत होता. मी मात्र रकमेपेक्षा ‘चढावर गिअर सुटतो’ या तुझ्या एका वाक्यापाशीच अडकलो. मागून ट्रक येत असताना तसे झाले तर? असो, त्याविषयी लिहायचे नाही असे ठरवूनच बसलो आहे.

स्कॅनरवर ‘पी ०७००’ हा बिघाडाचा कोड आला म्हणून अख्खा गिअरबॉक्स बदलावा, हे मेकॅनिकचे म्हणणे मला पटत नाही. त्या कोडवरून एवढेच कळते की गिअरबॉक्सच्या कंट्रोल युनिटने बिघाड नोंदवला आहे. नेमका दोष सांगणारे कोड त्या युनिटमधून वेगळे वाचावे लागतात. ते वाचले का, हे विचार. तेल काळपट असून जळका वास येत असेल, तर क्लच प्लेटा जळाल्याची शंका घ्यावी. गिअरबॉक्सच्या तळाचे तेलाचे भांडे, म्हणजे पॅन, उघडल्यावर त्यातल्या चुंबकावर करडा, मऊसर लेप दिसला तर घाबरू नकोस, तेवढी झीज होतेच; बोटाला टोचणारे धातूचे तुकडे निघाले, तर मात्र खर्च अटळ समज. दोष सोलेनॉइडपुरताच, म्हणजे तेलाचा प्रवाह सोडणाऱ्या-अडवणाऱ्या विजेवरच्या झडपेपुरताच असेल, तर बहुतेक गाड्यांत गिअरबॉक्स खाली उतरवावा लागत नाही. दुसऱ्या मेकॅनिकला अवश्य दाखव, पण पहिल्याचे निदान त्याला आधी सांगू नकोस. हमीत मजुरी धरली आहे का, हे लेखी घे, आणि एवढा पैसा घालण्याइतके गाडीचे इंजिन धड आहे का, तेही त्याच वेळी तपासून घे.

पुन्हा व्याख्यान झाले, रागावू नकोस. शाळेत असताना तू आबांच्या स्कूटरचा कार्ब्युरेटर उघडून सगळे स्क्रू वर्तमानपत्रावर ओळीने मांडले होतेस. जोडल्यावर एक उरला आणि तरीही स्कूटर सुरू झाली. आई चिडली, आबा मात्र तो स्क्रू येईल त्याला दाखवत राहिले. अंदाजपत्रकातील मजुरी दोनदा लावल्याचे काल तुझ्याच लक्षात आले, हे मी आईला मुद्दाम सांगितले. पण ती स्कूटर अंगणात बंद पडायची, ही गाडी चढावर गिअर सोडते.

म्हणून गॅरेजपर्यंत ती चालवत नेऊ नकोस, आणि दोरीने ओढूनही नको. इंजिन बंद असताना चाके फिरत राहिली तर ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला आतून तेल मिळत नाही. चारही चाके वर घेणारी गाडी बोलाव. तिचे पैसे मी देणार आहे, त्यावर वाद नको.

तुझा,
बाबा